ऊस, तंबाखू, कापूस, भात: गुलामीच्या कादंबऱ्या आपल्या भागात कशा वाचाव्यात

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि आसपासच्या मराठी वाचनालयांचे अध्यक्ष, कार्यवाह, ग्रंथपाल आणि गावोगावच्या साहित्य संमेलनांचे संयोजक यांस,

स. न. वि. वि.

यंदाच्या ग्रंथखरेदीची यादी पक्की होण्याआधी हे पत्र आपल्या हाती पडावं, म्हणून घाईने लिहीत आहोत. मागणी एकच आहे. अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरच्या गुलामगिरीवर लिहिलेली एखादी ऐतिहासिक कादंबरी प्रत्येक वाचनालयाने यंदा निवडावी, तिच्या चार प्रती घ्याव्यात आणि ती आठ बैठकांत शेवटपर्यंत वाचावी. या बैठकांना नेहमीच्या वाचकांबरोबर शेतात राबणारी माणसं हवीत. ती का, हेच या पत्रात मुख्यतः सांगायचं आहे.

अशा कादंबऱ्या आपल्या कपाटांत नाहीत असं नाही. पण त्यांच्यावर कार्यक्रम झाला की तो ठरावीक वळणाने जातो. चाबकाचा प्रसंग वाचला जातो, आईपासून मूल तोडल्याचा प्रसंग वाचला जातो, सभागृह हळहळतं, अध्यक्ष माणुसकीवर बोलतात आणि चहा येतो. पुस्तकाची उरलेली साडेतीनशे पानं तशीच राहतात. त्या पानांत असतं काम. पहाटेपासून रात्रीपर्यंतचं, हंगामावर बेतलेलं, मापून घेतलेलं काम. ते कळलं नाही तर पात्रं का पळतात, का थांबतात, का खोटं बोलतात, यातलं काहीच नीट कळत नाही.

हे काम समजून घ्यायला पुण्या-मुंबईच्या वाचकाला टिपा लागतात. आपल्याला लागू नयेत. अटलांटिकपलीकडची गुलामगिरी ज्या चार पिकांवर प्रामुख्याने उभी होती ती चारही आपल्या जिल्ह्यात आहेत: चिकोडी-अथणी-रायबागचा ऊस, निपाणीचा तंबाखू, सौंदत्ती-बैलहोंगलचा कापूस आणि खानापूरचं भात. म्हणून पुस्तक निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा, की ही गोष्ट कोणत्या पिकाची आहे? कथानकाचा बाज बराचसा तिथेच ठरतो.

उसापासून सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त माणसं उसाने खाल्ली. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. जमैका, बार्बाडोस, सेंट-डोमिंगवर (आजचं हैती) हाच नियम होता. तोड आणि गाळप यांत एक-दोन दिवसांहून जास्त अंतर परवडत नसे, म्हणून हंगामातले चार-सहा महिने घाणा रात्रंदिवस चाले. दिवसभर तोड करून आलेला माणूस रात्रपाळीला उसाच्या मोळ्या चरकात सारी. झोपेच्या गुंगीत बोटं रुळांत गेली की पाठोपाठ हात जाई, आणि तो तोडून माणूस वाचवायला घाण्याजवळ कुऱ्हाड किंवा कोयता ठेवलेला असे. कादंबरीत हात तुटलेलं पात्र भेटलं तर लेखकाने ते रंग भरण्यासाठी आणलेलं नाही. त्या बेटांवर अशी माणसं खरोखर असत.

पुढची पायरी उकळीची. तांब्याच्या चार-पाच काहिली एका रांगेत, मोठीपासून लहानीपर्यंत, खाली जाळ. रस एकीतून दुसरीत मोठ्या पळ्यांनी उपसत न्यायचा, मळी काढायची, चुना घालायचा. शेवटच्या काहिलीतला पाक तयार झाला की नाही, हे अंगठा आणि बोट यांत तार ओढून ठरवायचं. आपला गुळव्या पाण्यात गोळी करून बघतो, तोच हा निर्णय, आणि तो चुकला तर अख्खी काहील वाया. म्हणून उकळीघरातला हा कसबी गुलाम इतरांपेक्षा महाग असे. त्याला थोडं जास्त खायला मिळे, आणि मालक त्याला सहसा विकत नसे. कादंबरीत अशा माणसाकडे बाकीचे संशयाने बघतात. हा तणाव गुऱ्हाळावर काम केलेला वाचक दोन वाक्यांत उलगडून सांगेल, तेव्हा त्याला बैठकीला बोलावून आणा.

आता आकडे. जमैका बेटावर आफ्रिकेतून सुमारे १० लाख माणसं उतरवली गेली. १८३४ मध्ये ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपली, त्या वेळी तिथे गुलाम उरले होते सुमारे ३ लाख ११ हजार. उलट आजच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर थेट उतरवलेली माणसं सुमारे ३ लाख ९० हजार आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची संख्या ३९ लाखांवर. उसाच्या बेटांवर मृत्यू जन्मांपेक्षा जास्त होते, म्हणून जहाजं येतच राहिली. तंबाखू-कापसाच्या मुलखात लोकसंख्या जन्मानेच वाढली. यावरून दोन वेगळ्या जातीच्या कादंबऱ्या तयार होतात. कॅरिबियन कादंबरीत नुकतीच जहाजातून उतरलेली, आपली भाषा आणि देव आठवणारी माणसं असतात, त्यामुळे तिथे बंडाची शक्यता सतत जवळ असते. अमेरिकेतल्या कादंबरीत तीन-तीन पिढ्यांची कुटुंबं असतात, आणि भीती असते ती ते कुटुंब फुटण्याची. दोन्ही एकाच मापाने मोजल्या की वाचक म्हणतो, 'हे लढत का नाहीत?'

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. मराठी ऐतिहासिक कादंबरीवर वाढलेल्या वाचकाला किल्ला हवा असतो, तलवार हवी असते, शेवटी विजय नाहीतर बलिदान हवं असतं. गुलामीच्या कादंबरीतलं पात्र मका चोरतं, अवजार मुद्दाम मोडतं, आजारी असल्याचं सोंग करतं, हळू काम करतं, मालकासमोर हसतं आणि जगतं. त्याला भित्रा ठरवण्याआधी दोन गोष्टी फळ्यावर लिहाव्यात. सेंट-डोमिंगमध्ये सुमारे ५ लाख गुलामांसमोर ४० हजारांच्या आतबाहेर गोरे होते. तिथे १७९१ मध्ये उठाव झाला आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झालं. अमेरिकेच्या दक्षिणेत बहुतेक ठिकाणी गोरे संख्येने जास्त होते, रात्रीची गस्त होती, चिठ्ठीशिवाय रस्त्यावर दिसणं गुन्हा होता आणि बायको-मुलं मालकाच्या हातात ओलीस असल्यासारखीच होती. जगणं हाच तिथला लढा होता असं म्हणायची पद्धत आहे. आम्ही ते वाक्य टाळतो, कारण ते म्हटल्यावर त्या जगण्याचे तपशील बघायचं राहून जातं.

ते तपशील ताटापासून बघावेत. फ्रेडरिक डग्लस यांनी गुलामीतून पळून गेल्यावर १८४५ मध्ये आत्मकथन छापलं. त्यात मेरीलँडमधल्या प्रौढ गुलामाचा महिन्याचा शिधा दिला आहे: ८ पौंड डुकराचं मांस किंवा तितके मासे, आणि एक बुशेल मक्याचं पीठ. मांस महिन्याला साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे दिवसाला जेमतेम १२० ग्रॅम. पीठ सुमारे ३५ लिटरच्या मापाचं. वर्षाचे कपडे दोन जाडेभरडे सदरे, उन्हाळी विजार एक, हिवाळी विजार एक, एक जाकीट, मोज्यांचा एक जोड, जोड्यांचा एक जोड. काम न करणाऱ्या लहान मुलांना वर्षाला फक्त दोन सदरे, ते फाटले की पुढच्या वाटपापर्यंत उघडं राहायचं. कादंबरीत मूल जानेवारीत उघडं फिरताना दिसलं तर हा हिशेब समोर ठेवावा.

तंबाखूबद्दल निपाणीकरांना आम्ही शिकवणं म्हणजे आगाऊपणा. तरी व्हर्जिनियाच्या कादंबरीत काय दिसेल एवढं सांगतो. वाफ्यात रोप, पहिल्या चांगल्या पावसावर लावण, शेंडा खुडणं, बगलफूट काढणं, पानावरच्या अळ्या हाताने वेचणं, तोड, टांगणं, वाळवणं. वर्षातले फार थोडे दिवस मोकळे. पावसाने किंवा दवाने भिजलेल्या पानांत दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी ओकतो, डोकं धरून बसतो, तेव्हा लेखक दुःखाचं प्रतीक वापरत नसतो. ओल्या पानातलं निकोटिन कातडीतून अंगात जातं. दुसरी गोष्ट जमिनीची. तंबाखूने तिथली जमीन लवकर थकली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हर्जिनियाच्या मालकांकडे गुलाम गरजेपेक्षा जास्त झाले. १७९३ मध्ये सरकी काढण्याचं यंत्र आलं, आखूड धाग्याचा कापूस एकदम फायद्याचा झाला. १ जानेवारी १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी आली. तिन्ही गोष्टी जुळल्यावर व्हर्जिनियाकडचे गुलाम खाली मिसिसिपी, अलाबामा, लुइझियानाकडे विकले जाऊ लागले. १८६१ च्या अमेरिकन यादवी युद्धापर्यंत अशी सुमारे १० लाख माणसं हलवली गेली. आईपासून मूल तोडण्याचे कादंबरीतले बहुतेक प्रसंग या काळातले असतात. त्यामागे मालकाच्या दुष्टपणाइतकाच थकलेल्या जमिनीचा आणि कापसाच्या भावाचा हिशेब असतो.

कापसाच्या शेतात वजनकाटा हेच मुख्य पात्र. संध्याकाळी प्रत्येकाची टोपली मोजायची. सॉलोमन नॉर्थप या लुइझियानात बारा वर्षं अडकवून ठेवलेल्या स्वतंत्र माणसाने १८५३ मध्ये लिहून ठेवलं आहे, की दिवसाला २०० पौंड ही नेहमीची अपेक्षा होती. म्हणजे सरकीसह सुमारे ९० किलो. हा आकडा सौंदत्तीकडच्या वेचणीला जाणाऱ्या बाईसमोर ठेवा आणि ती काय म्हणते ते बैठकीत सगळ्यांना ऐकू द्या. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटं कशी फाटतात, सकाळच्या दवातला कापूस वजनाला जास्त का भरतो, हे तिच्याइतकं कोणी सांगणार नाही. वजन कमी भरलं तर फटके, हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त भरलं तर उद्यापासून तोच आकडा बांधील, हे फारसं लक्षात येत नाही. म्हणून शहाणा वेचणारा रोज सारखाच भरायचा प्रयत्न करतो. अशा ठिकाणी वाचक 'हा आळशी आहे' म्हणून पान उलटतो, आणि लेखकाने मांडलेलं सगळं शहाणपण निसटतं.

इथे आपल्या भागाचा एक धागा आहे. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या दक्षिणेतून कापसाचे काही जाणकार बागायतदार हिंदुस्थानात आणले. ठिकठिकाणी त्यांचे प्रयोग फसले, पण धारवाडच्या काळ्या जमिनीत न्यू ऑर्लिअन्सचं बी रुजलं. 'धारवाड-अमेरिकन' म्हणून तो कापूस पुढे बाजारात नावाजला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा माल थांबला, तेव्हा याच पट्ट्यात कापसाचे भाव कडाडले. ज्या युद्धाने तिकडचे गुलाम सुटले, त्याच युद्धात इकडच्या पेठांनी पैसा केला.

भाताचं शेत साउथ कॅरोलिनाच्या खाडीकाठी. तिथे दिवसभर टोळीने राबवण्याऐवजी नेमून दिलेलं काम असे, बहुधा पाव एकर. आपल्या हिशेबात दहा गुंठे. ते उरकलं की उरलेला दिवस स्वतःचा. म्हणून या मुलखातल्या कादंबरीत गुलामाची स्वतःची कोंबडी, स्वतःचा भाजीचा वाफा, बाजारात विकलेली अंडी दिसतात. वाचक गोंधळतो: 'मग हा गुलाम कसा?' दहा गुंठे पाण्यात उभं राहून एकट्याने खुरपायचे म्हणजे काय, हे जांबोटीच्या माणसाला विचारावं. दुबळ्याचं काम अंधार पडेपर्यंत संपत नसे, हिवताप ठरलेला होता आणि नेमून दिलेलं काम वाढवणं मालकाच्या हाती होतं. भात कांडायचं तेही कितीतरी काळ उखळ-मुसळावरच, तेही नेमून दिलेल्या कामावर वरताण.

आता खरेदीबद्दल. मराठी अनुवाद घेताना मुखपृष्ठ बघू नका, श्रेयपान बघा. 'संक्षिप्त', 'स्वैर', 'रूपांतर' यांपैकी काही लिहिलं असेल तर जपून. प्रकरणांची संख्या मूळ पुस्तकाशी ताडून बघा, ती माहिती आता फोनवर पाच मिनिटांत मिळते. सहाशे पानांचं पुस्तक मराठीत अडीचशे झालं असेल, तर गाळलेलं बहुधा कामाचं, शेतीचं, हिशेबाचं असतं आणि उरलेलं रडण्याचं. मग कुठलाही एक लांब संवाद वाचा. गुलाम पात्रांच्या तोंडी अनुवादकाने आपल्याकडची कुठली तरी ग्रामीण बोली घातली असेल आणि ती विनोदी वाटत असेल, तर ती प्रत नको. वंशावळ आणि नकाशा आहे का ते पाहा. नसेल तर पहिल्या बैठकीआधी कागदावर काढून पुस्तकाला मागे चिकटवा. नुसती डिंकाने जोडलेली जाड पुस्तकं चार वाचकांतच सुटतात. देवघेवीत घालण्याआधी पुठ्ठा बांधणी करून घ्या, मात्र आतला समास अर्ध्या इंचाहून कमी असेल तर बांधणीनंतर ओळी आत जातात, हे बाइंडरला आधी दाखवा. कन्नड अनुवाद उपलब्ध असेल तर एक प्रत त्याचीही घ्या. आपल्या अनेक घरांत आजी मराठी वाचते आणि नातू कन्नड, दोघं एकाच बैठकीत बसू शकतात.

बारा-पंधरा वाचकांना चार प्रती पुरतात, त्यातली एक वाचनालयाबाहेर जाऊ देऊ नये. चारशे पानांची कादंबरी असेल तर आठवड्याला पन्नास पानं. पहिली साठ पानं जवळजवळ नेहमीच संथ असतात आणि वाचक तिथेच गळतात. म्हणून पहिल्या दोन बैठका लागोपाठच्या रविवारी घ्या, मध्ये सण किंवा लग्नसराई येऊ देऊ नका. अनेक नव्या कादंबऱ्यांत काळ मागे-पुढे उड्या मारतो. त्यासाठी फळ्यावर मोजकी सालं कायम ठेवा: १७९३, १८०८, १८३४, १८५०, १८६३ (लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा), १८६५ (यादवी आणि गुलामगिरीचा शेवट). यातलं १८५० विसरू नका. त्या वर्षीच्या कायद्याने पळालेल्या गुलामाला उत्तरेतल्या मुक्त राज्यातूनही पकडून परत नेणं फार सोपं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गोष्टीत पळणारा माणूस फिलाडेल्फियाला पोचून थांबत नाही, त्याला कॅनडा गाठावा लागतो. पात्र इतकं का धावतंय, याचं उत्तर एका सालात असतं.

जहाजाच्या प्रकरणाला भाषण नको. १७८८ मध्ये इंग्लंडात 'ब्रूक्स' या जहाजाचा नकाशा छापला गेला, त्यात ४५४ माणसं आखून दाखवली होती. पुरुषामागे जागा ६ फूट लांब आणि १ फूट ४ इंच रुंद. वाचनालयाच्या फरशीवर खडूने तेवढं आखा, शेजारी-शेजारी पाच. प्रवास साधारण सहा ते आठ आठवडे. एवढं करून प्रकरण वाचायला घ्या.

लैंगिक अत्याचाराचे प्रसंग या कादंबऱ्यांत असणारच. व्हर्जिनियात १६६२ पासून मूल आईच्या दर्जाचं असा कायदा होता, म्हणजे मालकापासून झालेलं मूलही मालकाची मालमत्ता. हे प्रसंग मोठ्याने वाचू नयेत. ते कोणत्या पानांवर आहेत हे आधी सांगावं आणि चर्चा कायद्यापासून सुरू करावी. नववी-दहावीच्या मुलांसाठी वेगळं पुस्तक निवडावं. सौंदत्तीच्या बाजूला बैठक असेल तर देवदासी प्रथेशी तुलना व्यासपीठावरून काढू नये, आणि कोणत्याही बाईला 'तुमचा अनुभव सांगा' असं तर मुळीच म्हणू नये. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल.

तेच सिद्दी बांधवांबाबत. खानापूर तालुक्यात, पलीकडे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या सिद्दींपैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गोव्यात आणलेले गुलाम होते, आणि त्यांतले काही पळून घाटात आले. सगळेच तसे नव्हेत. सैनिक, खलाशी म्हणून आलेलेही होते, आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. कार्यक्रमाच्या सुरुवातीला सिद्दींचा नाच ठेवायचा आणि मग पुस्तकावर बोलायचं, हा प्रकार कृपा करून नको. वाचक म्हणून बोलवा, आठही बैठकांना बोलवा, आणि जायच्या-यायच्या गाडीचा खर्च वाचनालयाने करावा.

कादंबरी खरी किती, हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या बैठकीला येतोच. काही गोष्टी आधीच माहीत असाव्यात. गोधड्यांवरच्या नक्षीत पळून जायच्या वाटा गुप्तपणे दाखवलेल्या असत, ही कल्पना १९९९ नंतर फार लोकप्रिय झाली, पण तिला त्या काळातला पुरावा नाही. स्वतः गुलामीतून पळून इतरांना आणायला पुन्हा पुन्हा परत गेलेल्या हॅरिएट टबमन यांनी ३०० माणसं सोडवली असं अनेक पुस्तकांत सापडतं. आता इतिहासकार सुमारे १३ फेऱ्या आणि ७० च्या आसपास माणसं असं सांगतात, आणि तेवढंही अचाट आहे. पडताळ्यासाठी कादंबरीबरोबर एक प्रत्यक्ष साक्ष ठेवावी. डग्लस, नॉर्थप, हॅरिएट जेकब्स (१८६१) यांची आत्मकथनं इंग्रजीत मोफत मिळतात. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारच्या योजनेतून गुलामीत जन्मलेल्या २,३०० हून अधिक वृद्धांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, त्याही मिळतात. मात्र मुलाखत घेणारे बहुतेक गोरे आणि सांगणारे त्यांच्याच गावात राहणारे गरीब म्हातारे, हे ध्यानात ठेवून वाचावं. 'आमचे मालक चांगले होते' या वाक्याचा अर्थ समोर कोण बसलंय यावर ठरतो.

आपल्याकडची गुलामगिरी हा विषय मात्र बैठकीत आलाच पाहिजे, आणि तो नीट यावा. १८३३ च्या ब्रिटिश मुक्तिकायद्याने मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली, गुलामांना काही नाही, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला. बेळगाव १८१८ पासून कंपनीकडे होतं. म्हणजे १८३४ मध्ये जमैकात गुलामगिरी बंद झाली तरी ती इथे कायद्याने बंद नव्हती. इथल्या न्यायालयांनी गुलामावरचा हक्क मानणं थांबवलं ते १८४३ च्या कायद्याने, आणि माणूस विकणं-विकत घेणं शिक्षेचा गुन्हा झालं ते १८६० च्या दंडसंहितेने. पेशवाईतल्या कागदांत कुणबिणी आणि बटकी, म्हणजे दासी, यांची खरेदी-विक्री नोंदलेली आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना, तिथल्या मुक्तीनंतर अवघ्या आठ वर्षांनी.

पण सालगडी म्हणजे गुलाम, उचल घेतलेली ऊसतोड टोळी म्हणजे गुलाम, असं सरसकट समीकरण मांडू नका. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि कर्जात अडकलेला माणूस खरोखर अडकलेलाच असतो. तरी त्याचं मूल जन्मतःच कुणाच्या मालमत्तेच्या यादीत चढत नाही. हा फरक धरून ठेवला तर दोन्ही अन्याय स्पष्ट दिसतात, नाहीतर दोन्ही धूसर होतात. सीमाभागात व्यासपीठावर 'गुलामी' हा शब्द फार लवकर तोंडात येतो, हेही आपण सगळे जाणतो. या आठ बैठकांपुरता तो आपल्या प्रश्नावर वापरायचा मोह आवरावा. सीमाप्रश्नाला बोलायला वर्षभर दुसरे मंच आहेत.

शेवटी थोडं वेळापत्रक. उसाचा हंगाम आणि भाताची सुगी बघून दिवस ठरवा, नाहीतर ज्यांच्यासाठी हे सगळं करायचं तेच फडात असतील. खानापूरकडे जानेवारीचा मध्य बरा पडेल, चिकोडीकडे गाळप आटोपल्यावर. निपाणीत तंबाखूची तोड टाळून. बाहेरून प्रती मागवायच्या तर महिनाभर आधी नोंदवा. चार प्रती एकाच आवृत्तीच्या घ्या, नाहीतर पान क्रमांक जुळत नाहीत आणि बैठकीचा पहिला अर्धा तास पान शोधण्यात जातो.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले काही वाचक आणि वाचनकट्टे चालवणारे